जुनी मापन-उपकरणं दुरुस्त करताना : प्लग लावण्याआधीपासून कॅलिब्रेशनपर्यंत

जुना ऑसिलोस्कोप (विजेचा सिग्नल पडद्यावर आलेखासारखा दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) हाती आला की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. माझी कळकळीची विनंती अशी, की तो प्लग अजून थोडा वेळ बाजूला राहू द्या. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या यंत्रातला एखादा कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) पहिल्या काही सेकंदांतच शॉर्ट होतो आणि जाता जाता ट्रान्सफॉर्मर किंवा बाजारात न मिळणारी एखादी आयसी (अनेक भाग सामावलेली चिप) सोबत घेऊन जातो. मूळ बिघाड पाच मिनिटांत दुरुस्त होण्यासारखा असताना यंत्र घाईमुळे कायमचं गेलं, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

ही उपकरणं दुरुस्तीसाठीच बांधलेली असतात, म्हणून त्यांच्यावर वेळ घालवणं सार्थ वाटतं. १९७२ साली आलेल्या टेकट्रॉनिक्स ४६५ या १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचं उदाहरण घ्या. त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक टप्प्याचं सर्किट आहे, तो टप्पा कसा चालतो याचं वर्णन आहे, आणि ठरावीक बिंदूंवर किती व्होल्टेज व कोणता वेव्हफॉर्म (तरंगाचा आकार) दिसायला हवा तेही आहे. ते नीट वाचणाऱ्याला अंदाजावर काम करावं लागत नाही.

कोणतं उपकरण आधी हातात घ्यावं

पहिल्याच प्रयत्नात स्कोप उघडू नका. काट्याचा मल्टिमीटर, साधा लिनियर पॉवर सप्लाय किंवा ऑडिओ ऑसिलेटर यापासून सुरुवात करा. सिम्प्सन २६० किंवा एव्हो ८ यांसारख्या मीटरमध्ये डीसीला प्रति व्होल्ट २०,००० ओहम संवेदनशीलता मिळते. आत भाग मोजकेच असतात आणि चूक झाली तरी ती समजते. स्कोप घ्यायचा झाला तर दोन गोष्टी आधी बघा: पिक्चर ट्यूब शाबूत आहे का, आणि मॅन्युअल मिळतं का. फुटकी किंवा अगदी मंद झालेली ट्यूब आणि कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेल्या आयसी यांना सहसा दुसऱ्या तशाच यंत्रातून काढलेला भाग हाच पर्याय उरतो. ट्यूब गेलेलं यंत्र सुट्या भागांसाठी जरूर ठेवा, पण ते उभं करण्यात वर्ष घालवू नका.

मॅन्युअल वाचणं हीच पहिली पायरी

वापरकर्त्यासाठीचं मॅन्युअल वेगळं आणि सर्व्हिस मॅन्युअल वेगळं. आपल्याला दुसरं हवं, आणि तेही आपल्या यंत्राच्या सीरियल क्रमांकाला लागू होणारं. एकाच मॉडेलचं सर्किट उत्पादनाच्या काळात बदलत गेलेलं असतं. ह्यूलेट-पॅकार्डच्या बऱ्याच जुन्या उपकरणांवर सीरियलच्या सुरुवातीला चार अंक आणि एक अक्षर असतं. पहिल्या दोन अंकांत १९६० मिळवले की वर्ष मिळतं आणि पुढचे दोन अंक आठवडा सांगतात. म्हणजे २२१२ए हे १९८२ सालच्या बाराव्या आठवड्यातलं रूप. ही तारीख त्या रूपातला शेवटचा महत्त्वाचा बदल दाखवते, नेमकं तेच यंत्र त्या दिवशी तयार झालं असं नव्हे. मॅन्युअलच्या मागच्या बाजूला जुन्या-नव्या रूपांतले फरक दिलेले असतात. ती पानं चुकवलीत तर नसलेल्या रेझिस्टरच्या शोधात संध्याकाळ जाते.

भागांवरचे क्रमांकही सुरुवातीला गोंधळात टाकतात, कारण मोठ्या कंपन्या स्वतःचे क्रमांक छापत. टेकट्रॉनिक्सच्या क्रमांकात १५१ ने सुरू होणारा भाग ट्रान्झिस्टर, १५२ म्हणजे डायोड आणि १५६ म्हणजे आयसी. यातले पुष्कळ भाग अगदी नेहमीचे असतात: १५१-०१९०-०० म्हणजे २एन३९०४, आणि १५१-०१८८-०० म्हणजे २एन३९०६. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १८५४ हे एनपीएन ट्रान्झिस्टर आणि १८५३ हे पीएनपी. दुर्मीळ म्हणून ज्याची धास्ती घेतली तो भाग कित्येकदा आपल्याच डबीत असतो.

जिवाची काळजी

या भागात मी कोणतीही सवलत देणार नाही. ४६५ मध्ये ट्यूबच्या कॅथोडला सुमारे उणे २,४५० व्होल्ट असतात आणि एकूण त्वरक व्होल्टेज १८ किलोव्होल्टच्या घरात जातं. साधा मल्टिमीटर १,००० व्होल्टपर्यंतच सुरक्षित असतो. तिथे उच्च दाबाचा खास प्रोबच (मोजणीची तार) लागतो, आणि तो नसेल तर ती मोजणी सोडून द्या.

यंत्र बंद करून प्लग काढल्यावरही मोठे कॅपॅसिटर भरलेले राहतात. काही वॅटचा, शंभर ते हजार ओहमचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपना जोडून ठेवा आणि पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर त्यातून रिकामे करा. नंतर मीटर लावून खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने सरळ शॉर्ट करू नका. कॅपॅसिटरही खराब होतो आणि ठिणगीने दचकून हात भलतीकडे जातो. उच्च दाबाचे कॅपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडे पुन्हा भरतात, म्हणून काही मिनिटांनी तेच परत करा. चालू यंत्रात एकच हात घाला. अंगठी, साखळी, धातूचं घड्याळ काढून ठेवा. घरात दुसरं कोणी जागं असतानाच उच्च दाबाचं काम करा.

स्कोपच्या प्रोबची जमीन-क्लिप (सर्किटच्या शून्य व्होल्टला, म्हणजे जमिनीला, जोडायची) यंत्राच्या सांगाड्याला आणि तिथून भिंतीतल्या अर्थला जोडलेली असते. मेन्सला (भिंतीतल्या विजेला) थेट जोडलेल्या सर्किटमध्ये ही क्लिप लावली की शॉर्ट होतो. त्यावर उपाय म्हणून काही जण स्कोपचीच अर्थ पिन तोडतात. असं कधीही करू नये, कारण मग स्कोपचा पूर्ण धातूचा पुढचा भाग त्या व्होल्टेजवर जातो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सशी थेट जोड तोडणारा) लावायचा तो तपासल्या जाणाऱ्या यंत्राला, आणि स्कोपचं अर्थिंग तसंच राहू द्यायचं.

जुन्या उपकरणांत काही विषारी पदार्थही असतात. सेलेनियम रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) जळला तर त्याचा धूर घातक असतो. काही जुन्या आरएफ पॉवर ट्रान्झिस्टरच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं. ते कधी घासू किंवा फोडू नका.

प्लग लावण्याआधीची तपासणी

झाकण काढल्यावर आधी फोटो काढा, भरपूर काढा. प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक वायरचा रंग, प्रत्येक खोबणीतला ट्रान्झिस्टर. स्क्रू काढताना घाई नको. ह्यूलेट-पॅकार्डचे बरेच स्क्रू पोझिड्राइव्ह असतात आणि साध्या फिलिप्सने त्यांची डोकी झिजतात. टेकट्रॉनिक्सच्या बटनांतले छोटे स्क्रू इंची ॲलन-कीचे असतात, बहुधा १/१६ इंच किंवा ०.०५० इंच. मिलिमीटरची जवळपास बसणारी की लावली तर खोबण गोल होऊन बसते.

मागचा व्होल्टेज निवडण्याचा खटका आपल्याकडच्या मेन्सवर आहे का ते बघा. फ्यूजही त्याच व्होल्टेजचा हवा: ११५ व्होल्टसाठीचा फ्यूज २३० ला जवळपास दुप्पट प्रवाह सोडतो आणि त्याचं काम तिथेच संपतं. मग प्लगच्या अर्थ पिनपासून सांगाड्यापर्यंतचा रोध मोजा. तो ओहमच्या अगदी छोट्या भागाइतकाच असायला हवा.

आता नाक आणि डोळे वापरा. मेन्सच्या बाजूला पिवळसर, पारदर्शक आवरणाचे, कागदी डायइलेक्ट्रिकचे रिफा कॅपॅसिटर दिसतात का? त्यांच्या आवरणाला बारीक तडे जातात, आत दमटपणा शिरतो आणि एके दिवशी ते फुटून खोलीभर उग्र धूर करतात. तडा दिसो वा न दिसो, मी ते चालू करण्याआधीच बदलतो. जागी जो बसवाल तो त्याच सुरक्षा वर्गाचा असला पाहिजे: एक्स२ च्या जागी एक्स२, वायच्या जागी वाय. साधा फिल्म कॅपॅसिटर मेन्सवर लावू नये, व्होल्टेज कितीही जास्त छापलेलं असो.

निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर तिच्या आसपास हिरवट-निळसर किंवा पांढरी पूड आहे का बघा. गळलेलं द्रव्य अल्कली असतं, त्यामुळे ते सौम्य व्हिनेगरने पुसून, मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावं. जुना फोम चिकट काळा लगदा झालेला असतो. तो पूर्ण खरवडून काढा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तो बोर्डावर ओघळतो.

यंत्र बंद असतानाच प्रत्येक पुरवठा-रेषेचा (सर्किटला ठरावीक व्होल्टेज पोचवणाऱ्या मार्गाचा) जमिनीशी रोध मोजून लिहून ठेवा. एखादी रेषा दोन-चार ओहमच दाखवत असेल तर आधी मॅन्युअलमधला किंवा तशाच चालू यंत्रातला आकडा बघा, कारण काही रेषांवर भारच जास्त असतो. तरीही आकडा संशयास्पद वाटला तर चालू करण्याचा विचार थांबवा.

पहिल्यांदा वीज देताना

सर्वांत स्वस्त आणि विश्वासू साधन म्हणजे मेन्सच्या मालिकेत जोडलेला फिलामेंटचा बल्ब, ६० ते १०० वॅटचा. एलईडी बल्बचा इथे उपयोग नाही, कारण तापल्यावर फिलामेंटचा रोध वाढतो, याच गुणावर ही युक्ती चालते. यंत्र ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भरभरून पेटतो, पण यंत्र वाचतं.

ज्याचा पुरवठा लिनियर आहे, म्हणजे मोठा लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे, तिथे व्हॅरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवता येतं. स्विचिंग पुरवठ्याच्या (वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बनवणाऱ्या) यंत्राला मात्र व्हॅरिॲकने हळू चढवू नका. इनपुट कमी झालं की तसा पुरवठा तीच शक्ती मिळवण्यासाठी जास्त प्रवाह ओढतो आणि त्याचे ट्रान्झिस्टर नको तितके ताणले जातात. मालिकेतल्या बल्बनेही असा पुरवठा कधीकधी सुरू-बंद होत राहतो. असं दिसलं तर पुरवठा बिघडला असं लगेच ठरवू नका.

आधी पुरवठा, मग बाकी सगळं

दुरुस्तीचा क्रम सांगायचा तर मी एवढंच म्हणेन, की सगळ्या पुरवठा-रेषा बरोबर येईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नका. ४६५ मध्ये त्या +११०, +५५, +१५, +५ आणि −८ व्होल्ट आहेत. एक रेषा खाली बसली की पडद्यावर दहा वेगवेगळी लक्षणं दिसतात आणि माणूस दहा ठिकाणी शोधत बसतो.

डीसी आकडा बरोबर आला म्हणून समाधान मानू नका. दुसऱ्या स्कोपने त्यावरची तरंग, रिपल, बघा. ५० हर्ट्झच्या मेन्सवर पूर्ण-तरंग रेक्टिफायर असेल तर रिपल १०० हर्ट्झचा असतो. तो वाढलेला असेल तर मुख्य कॅपॅसिटरकडे बघा. ५० हर्ट्झचा दिसला तर रेक्टिफायरच्या एका बाजूचा डायोड तुटून प्रवाह सोडेनासा झाला असण्याची शक्यता धरा.

माझ्या एका स्कोपमध्ये पडद्यावर काहीच येत नव्हतं आणि +१५ ची रेषा अर्ध्या व्होल्टवर अडकली होती. अशा वेळी बहुतेकदा दोषी असतो तो टँटॅलम कॅपॅसिटर, आणि तो शॉर्टच होतो. पण एका रेषेवर असे डझनावारी कॅपॅसिटर असतात. एकेक उपटत जाण्यापेक्षा ही रीत बरी: यंत्राचा प्लग काढा, प्रवाह-मर्यादेच्या बेंच सप्लायमधून त्या रेषेत अर्धा ते एक ॲम्पिअर सोडा आणि व्होल्टेजची कमाल मर्यादा अर्ध्या व्होल्टच्या खालीच ठेवा, म्हणजे सिलिकॉनचे भाग जागे होणार नाहीत. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून, एक टोक जमिनीला धरून, रेषेच्या वाटेवर बिंदूबिंदूने मोजत चला. शॉर्टकडे जाताना आकडा कमी कमी होत जातो. शॉर्टच्या पुढे रेषेत प्रवाह नसल्याने तो तिथेच थबकतो. मला त्या दिवशी ४७ मिलिव्होल्टपासून ३१ पर्यंत खाली येऊन आकडा थांबलेला दिसला. तिथला कॅपॅसिटर एका पायाने उचलला आणि रेषा मोकळी झाली. नवा बसवताना ध्रुव तपासा आणि रेषेच्या किमान दुप्पट व्होल्टेजचा निवडा. जुना बसवलेलाही कदाचित काठावरच होता.

सगळे कॅपॅसिटर एकदम बदलावेत का

या प्रश्नावर पुष्कळ वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: नाही. चांगल्या उपकरणातले जुने धातूच्या डब्यातले कॅपॅसिटर कित्येकदा अजून उत्तम असतात, आणि पन्नास भाग बदलताना एक ध्रुव उलटा लागला किंवा एक पॅड उखडला की आपणच नवा बिघाड निर्माण केलेला असतो. ईएसआर मीटर (कॅपॅसिटरचा आतला रोध मोजणारं) घ्या, रिपल मोजा, जो खराब तो बदला. एक बदला, मोजा, मग दुसरा.

अपवाद आहेत आणि ते पाळावेत. मेन्सवरचे कागदी कॅपॅसिटर मी वर सांगितलेच. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या) काळातले मेणकागदी कपलिंग कॅपॅसिटर बदला, कारण त्यांतून डीसी झिरपून पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडचं बायस (ठरवून दिलेलं स्थिर व्होल्टेज) बिघडतं. आणि सरफेस-माउंट इलेक्ट्रोलायटिक (बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेले, आत द्रव असलेले कॅपॅसिटर). टेकट्रॉनिक्स २४६५बीच्या ए५ बोर्डावरचे असे कॅपॅसिटर गळून खालचे तांब्याचे मार्ग खातात. तिथे वाट बघण्यात अर्थ नाही.

बरीच वर्षं न वापरलेला मोठा इलेक्ट्रोलायटिक चांगला वाटत असेल तर त्याला पुन्हा घडवता येतं. सर्किटमधून सुटा करून, काही किलोओहमच्या रेझिस्टरमधून डीसी द्या, थोडं थोडं वाढवत छापील व्होल्टेजपर्यंत न्या. प्रत्येक टप्प्यावर रेझिस्टरवरचं व्होल्टेज घसरून गळती स्थिर होईपर्यंत थांबा. काही तास लागू शकतात. गळती कमी होतच नसेल किंवा कॅपॅसिटर गरम होत असेल तर तो टाकून द्या.

रेझिस्टरबद्दल एक उपयोगी खूण. सर्किटमध्ये असताना रेझिस्टर बहुधा छापील रोधापेक्षा कमी दाखवतो, कारण समांतर वाटा असतात. यंत्र बंद, कॅपॅसिटर रिकामे, आणि तरीही आकडा जास्त येत असेल तर तो रेझिस्टर गेलेलाच समजा. कार्बन कॉम्पोझिशनच्या रेझिस्टरचा रोध वयाबरोबर वाढतच जातो.

खटके, सॉकेट आणि घाण

अनुभवाने सांगतो, की बिघडलेलं म्हणून आलेल्या यंत्रांतला मोठा वाटा फक्त काळवंडलेल्या संपर्कांचा असतो. प्रत्येक सॉकेटमधला ट्रान्झिस्टर आणि आयसी एकदा काढून परत लावा, पण जागा न बदलता, कारण काही जोड्या जुळवलेल्या असतात. व्हॉल्व्हचंही तेच.

रोटरी खटक्यांच्या वेफरवर (संपर्क बसवलेल्या चकतीवर) फवारा मारू नका. फिनॉलिक वेफर द्रव शोषतो आणि उच्च रोधाच्या सर्किटमध्ये मग गळती होते. बारीक कुंचल्याने किंवा सुईने संपर्कावर एखादा थेंब कॉन्टॅक्ट क्लीनर ठेवा आणि खटका वीस-तीस वेळा फिरवा. टेकट्रॉनिक्सच्या कॅम खटक्यांतले संपर्क सोन्याच्या पातळ थराचे असतात. तिथे अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी संपर्कांत धरून हलकेच ओढा. सँडपेपर आणि खोडरबर तिथे नकोत. डब्ल्यूडी-४० हे संपर्कांसाठीचं द्रव्य नाही, ते कुठेही वापरू नका.

सोल्डर करताना

टेकट्रॉनिक्सच्या १९५० आणि ६० च्या दशकांतल्या व्हॉल्व्हच्या स्कोपमध्ये भाग पांढऱ्या सिरॅमिक पट्ट्यांच्या खाचांत सोल्डर केलेले असतात. त्या खाचांना चांदीचा थर आहे. साधं कथिल-शिशाचं सोल्डर ती चांदी विरघळवतं आणि दोन-तीन दुरुस्त्यांनंतर खाच सोल्डर धरतच नाही. म्हणून सुमारे ३ टक्के चांदी असलेलं सोल्डर लागतं. त्या काळी कंपनी त्याचं छोटं वेटोळं यंत्राच्या आतच ठेवून देई, तुमच्या यंत्रात अजून असेल तर जपून वापरा. जुन्या छापील बोर्डांवर पॅड सहज उखडतात. भागाचा पाय आधी कापा, मग उरलेले तुकडे एकेक काढा.

बॅटरीवर जिवंत असलेली स्मृती

१९८० च्या दशकातल्या उपकरणांत कॅलिब्रेशनचे (मोजणी अचूक करणाऱ्या जुळवणीचे) आकडे बॅटरीवर टिकणाऱ्या रॅममध्ये असतात. ह्यूलेट-पॅकार्ड ३४७८ए मल्टिमीटरमध्ये ३ व्होल्टची लिथियम बॅटरी बोर्डावर सोल्डर केलेली आहे. ती मेली की कॅलिब्रेशन गेलं. असं यंत्र मिळताच जीपीआयबीवरून (उपकरण संगणकाला जोडण्याच्या जोडणीवरून) ती रॅम वाचून संगणकात जपून ठेवा, दुसरं काहीही करण्याआधी. बॅटरी बदलताना तात्पुरती दुसरी ३ व्होल्टची बॅटरी डायोडमधून समांतर जोडा. सोल्डरिंग आयर्न अर्थ केलेलं असेल तर सांध्याला लावण्याच्या क्षणी त्याचा प्लग काढा. ईप्रॉमही (अतिनील प्रकाशाने पुसता येणाऱ्या, खिडकी असलेल्या स्मृती-चिप) जुने होतात. वाचून त्यांची प्रत ठेवा आणि खिडकीवर अपारदर्शक चिकटपट्टी लावा.

कॅलिब्रेशन

यंत्र झाकण लावून तापू द्या: स्कोपला किमान वीस-तीस मिनिटं, अचूक मल्टिमीटरला तासभर किंवा मॅन्युअल म्हणेल तितका वेळ. ट्रिमर (जुळवणीसाठी फिरवायचा छोटा भाग) फिरवण्याआधी त्याची जागा बारीक पेनाने खूण करून ठेवा आणि मॅन्युअलचा क्रम मोडू नका. पुढची प्रत्येक जुळवणी मागच्यावर उभी असते. स्कोपचा चौकोनी तरंग वाकडा दिसला म्हणून लगेच ॲम्प्लिफायर उघडू नका. आधी प्रोब १ किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेटर टर्मिनलला लावून त्याचा छोटा ट्रिमर जुळवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

घरच्या संदर्भासाठी एडी५८४ चा छोटा बोर्ड चालतो. तो २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट देतो, आणि चांगल्या मीटरशी एकदा ताडून त्याचा खरा आकडा त्यावर लिहून ठेवला तर रोजच्या तपासणीला पुरतो. साडेसहा आकड्यांच्या मीटरला मात्र तो पुरेसा नाही, तिथे प्रमाणित प्रयोगशाळेकडे जा. वारंवारतेसाठी जीपीएसशी बांधलेला १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर असेल तर काउंटरची काळजी मिटते.

काम झालं की एक कागद घ्या: तारीख, बदललेले भाग, पुरवठ्यांचे मोजलेले आकडे, जुळवलेले ट्रिमर. तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. मग यंत्र महिन्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवा आणि तेव्हाच पुरवठ्यांचे आकडे त्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून बघा.